जीएनएम झालं, आता पुण्यात नोकरी: पगार, कॉट आणि मेसचा खरा हिशोब

मी २०१९ ला लातूर जिल्ह्यातल्या औशाहून पुण्यात आले तेव्हा माझ्याकडे एक ट्रंक, जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, मार्कशीट आणि मामेबहिणीच्या ओळखीतल्या एका सिस्टरचा नंबर एवढंच होतं. कोणी नीट सांगितलं असतं तर पहिल्या वर्षातले निदान पंधरा-वीस हजार वाचले असते आणि रडणंही. आता लेबर रूमला, म्हणजे डिलिव्हरी होतात तिथे आहे, दरवर्षी जून-जुलैत गावाकडच्या चार-पाच मुली तेच तेच प्रश्न विचारतात, ताई पगार किती मिळेल, रूम कुठे घेऊ, एवढ्यात भागतं का. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. एएनएम (जीएनएमपेक्षा छोटा नर्सिंग कोर्स), जीएनएम, बीएस्सी नर्सिंग सगळ्यांना चालेल. ब्रदर लोकांनाही (पुरुष नर्स), फक्त रूमचा भाग त्यांना थोडा सोपा जातो.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. पगार बघून नोकरी घेऊ नका, पगारातून रूम आणि येण्याजाण्याचा खर्च वजा करून काय उरतं ते बघून घ्या. बाणेरला २३ हजार आणि रूम कात्रजला, यापेक्षा हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत कॉट (शेअर रूममधली एक खाट) आणि १९ हजार हे कधीही बरं. नाईट संपवून दोन बस बदलत घरी गेलेल्या माणसालाच हे कळतं.

१. निघायच्या आधी कागद

सगळ्यात आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. खूप मुली रिझल्ट लागला की लगेच निघतात आणि रजिस्ट्रेशन "नंतर करू" म्हणतात. रजिस्ट्रेशन नसेल तर चांगलं हॉस्पिटल घेत नाही, आणि जे घेतं ते "ट्रेनी" म्हणून घेतं, म्हणजे काम सिस्टरचं आणि पगार मावशीच्या (हॉस्पिटलमधल्या आयाच्या) आसपास. जीएनएम आणि बीएस्सीवाल्यांचं नर्स आणि मिडवाईफ असं दोन्ही रजिस्ट्रेशन होतं, सर्टिफिकेटवर दोन्ही आहे का ते बघून घ्या, लेबर रूम हवी असेल तर तेच तुमचं भांडवल. दुसऱ्या राज्यातून शिकून आला असाल (बिदर, गुलबर्ग्याला शिकलेल्या खूप जणी असतात) तर तिकडच्या कौन्सिलची एनओसी आणून इथे रजिस्ट्रेशन करावं लागतं, त्याला वेळ जातो, आधीच सुरू करा. दर ५ वर्षांनी रिन्यूअल असतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना पुढे शिकल्याचे, तास लागतात, त्यामुळे हॉस्पिटलमध्ये एखादं सेशन झालं की सर्टिफिकेट मागून घ्यायचं, लाजायचं नाही.

फाइलमध्ये हे ठेवा:

- दहावी, बारावीची मार्कशीट आणि बोर्ड सर्टिफिकेट
- डिप्लोमा किंवा डिग्री आणि सगळ्या वर्षांच्या मार्कशीट
- कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट
- आधार, पॅन, बँक पासबुक, आठ-दहा फोटो
- आधी कुठे काम केलं असेल तर एक्सपिरियन्स लेटर आणि पीएफचा यूएएन नंबर
- हिपॅटायटिस बी च्या ३ डोसचा पुरावा (०, १ आणि ६ महिने असे असतात, कॉलेजात झाले असतील तर कॉलेजकडून लिहून आणा)
- बीएलएस (जीव वाचवायच्या प्राथमिक उपायांचं ट्रेनिंग) केलं असेल तर त्याचं कार्ड
- लग्न झालं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट आणि नाव बदलल्याचं गॅझेट
- सरकारी भरतीसाठी डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर

नावाचा घोळ साधा समजू नका. आधारवर सासरचं नाव, मार्कशीटवर माहेरचं, पॅनवर तिसरंच काहीतरी. माझ्या रूममेटचा पहिला पगार दीड महिना अडकला होता फक्त यामुळे.

ओरिजिनल सर्टिफिकेट कुणाकडेही ठेवायला देऊ नका. ओरिजिनल दाखवायची, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल परत पिशवीत. एका नर्सिंग होमने माझी मार्कशीट "सेफ कस्टडी" म्हणून ठेवून घेतली आणि सोडताना एक महिन्याचा पगार मागितला. तेव्हा मी २१ वर्षांची, घाबरून भरला. आज असते तर उलट लेखी मागितलं असतं की कुठल्या नियमाने ठेवता.

२. कुठे अर्ज करायचा

पुण्यात ढोबळ चार प्रकार आहेत.

सरकारी कायम नोकरी: ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, झेडपी. अधिपरिचारिकेचं वेतन एस-१३, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४०० आणि वर महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. आरोग्य सेविका, म्हणजे एएनएम, एस-८ ला, २५,५०० ते ८१,१००. हे सगळ्यांनाच हवं असतं पण भरती कधी निघेल आणि निघाल्यावर जॉईनिंग कधी होईल याचा नेम नाही, त्यामुळे फॉर्म भरत राहायचं, अभ्यास करत राहायचं आणि तोवर दुसरीकडे काम करायचं. भरतीची वाट बघत घरी बसलेल्यांची प्रॅक्टिकल हातोटी जाते, हे मी बघितलंय.

महापालिका: पुणे मनपाचं मंगळवार पेठेतलं कमला नेहरू, भवानी पेठेतलं सोनवणे प्रसूतिगृह, आणि पिंपरीला पिंपरी-चिंचवड मनपाचं वायसीएम हॉस्पिटल. इथे डिलिव्हरींचा ओघ भरपूर, शिकायला सोनं.

एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी पोस्ट: मी फॉर्म भरले तेव्हा जाहिरातीत स्टाफ नर्सला २०,००० आणि एएनएमला १८,००० असं होतं. ऑर्डर ११ महिन्यांची आणि मग पुढे वाढवत जातात. हातात येणारा पैसा मोठ्या प्रायव्हेटएवढाच, पण सुट्ट्या जरा सरळ असतात.

प्रायव्हेट: इथे मात्र जमीन अस्मानाचा फरक. मी आणि माझ्या बॅचच्या मुलींनी जे घेतलं ते सांगते. दहा-पंधरा बेडचं नर्सिंग होम, फ्रेशर जीएनएमला १२ ते १५ हजार, बारा तासांची ड्युटी. मोठं मल्टिस्पेशालिटी, १८ ते २४ हजार, आठ तासांच्या तीन शिफ्ट. एएनएमला त्याहून तीन-चार हजार कमी. दोन-तीन वर्षं लेबर रूम किंवा एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू) केलं की २८-३० पर्यंत जाता येतं.

तुम्हाला कुणीतरी सांगेल की सुप्रीम कोर्टाने नर्सला किमान २० हजार ठरवून दिलेत. ते अर्धं खरं आहे. २०१६ च्या जानेवारीत कोर्टाने सरकारला समिती नेमायला सांगितलं आणि त्या समितीने शिफारस केली की ५० बेडच्या आतल्या हॉस्पिटलात २० हजारापेक्षा कमी नको, ५० ते १०० बेडला राज्य सरकारच्या पगारापेक्षा जास्तीत जास्त २५ टक्के कमी, १०० ते २०० ला १० टक्के कमी आणि २०० च्या वर बरोबरीने. पण ही शिफारस आहे. इंटरव्ह्यूत ती फेकून काही होत नाही, माझ्या मैत्रिणीने फेकली होती, एचआरवाला हसला. मनात मोजपट्टी म्हणून ठेवा, आपण किती कमीवर राबतोय ते तरी कळतं.

३. इंटरव्ह्यू: लेबर रूम मागून घ्या

तुम्ही स्वतःहून काही बोलला नाहीत तर जनरल वॉर्ड मिळतो. "मला एलआर (लेबर रूम) किंवा पोस्टनेटल (बाळंतपणानंतरचा वॉर्ड) द्या" असं मेट्रनला (मुख्य सिस्टरला) तिथेच सांगा. कारण पैशाचं आहे, वॉर्ड केलेल्या सिस्टर शंभर मिळतात, रात्री तीनला डॉक्टर येईपर्यंत न घाबरता पेशंट सांभाळणारी मिळत नाही, आणि पुढच्या नोकरीत तिलाच दोन पैसे जास्त देतात.

प्रश्न साधेच असतात पण अडकवतात. पार्टोग्राफमध्ये (कळांची प्रगती नोंदवायचा तक्ता) अलर्ट लाईन आणि ॲक्शन लाईनमध्ये किती तास, तर ४. बाळाचे ठोके नॉर्मल किती, ११० ते १६०. तिसऱ्या स्टेजला बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटात ऑक्सिटोसिन १० युनिट आयएम. नॉर्मल डिलिव्हरीत ५०० एमएलच्या वर रक्त गेलं की पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव. ॲपगार (बाळाच्या तब्येतीचे गुण) १ आणि ५ मिनिटांना. आणि मॅगसल्फ (एक्लॅम्पसिया, म्हणजे बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांवरचं औषध), हे विचारतातच: लोडिंग १४ ग्रॅम, त्यातले ४ आयव्ही आणि ५-५ दोन्ही कुल्ल्यांत, पुढचा डोस द्यायच्या आधी श्वास १६ च्या वर आहेत का, गुडघ्याचा रिफ्लेक्स येतोय का, लघवी तासाला ३० एमएल होतेय का, आणि ट्रॉलीवर कॅल्शियम ग्लुकोनेट तयार आहे का. पाठ करून नका जाऊ, हाताने केल्यासारखं सांगा, ऐकणाऱ्या सिस्टरला फरक लगेच कळतो.

तुम्हीही प्रश्न विचारा. एका सिस्टरकडे लेबर रूममध्ये किती पेशंट? नाईटला डॉक्टर हॉस्पिटलात असतात की फोनवर? एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं प्रमाणपत्र) आहे का, किंवा छोटं मॅटर्निटी होम असेल तर फॉग्सीचं (स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना) "मान्यता" सर्टिफिकेट आहे का? ज्यांच्याकडे असतं तिथे निदान प्रोटोकॉल भिंतीवर लावलेले असतात आणि दोष सिस्टरवर ढकलणं जरा अवघड जातं.

एएनएमना एक वेगळं सांगणं. काही छोट्या ठिकाणी एएनएमकडून रजिस्टरमध्ये "स्टाफ नर्स" म्हणून सही घेतात. करू नका. उद्या केस झाली तर सही तुमची असते, बाकी सगळे तेव्हा रजेवर असतात.

४. ऑफर लेटर वाचायचं कसं

इथे सगळे फसतात. "बावीस हजार" असं तोंडी सांगतात, ते सीटीसी असतं, म्हणजे मालकाचा तुमच्यावरचा एकूण खर्च. एक उदाहरण मांडते. ग्रॉस २०,०००, त्यात बेसिक आणि डीए मिळून १३,०००. तुमचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,५६०. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) ०.७५ टक्के, म्हणजे १५०. हातात १८,२९०. मालकाचा पीएफ १,५६० आणि ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ६५०, हे दोन्ही मिळवून सीटीसी झाली २२,२१०. म्हणजे त्यांच्या तोंडचे बावीस आणि तुमच्या खात्यातले अठरा, दोन्ही खरंच, कुणी खोटं बोललं नाही.

प्रोफेशनल टॅक्स बायकांना महिना २५,००० पर्यंत माफ आहे, २०२३ च्या एप्रिलपासून. तरी एका ठिकाणी स्लिपमध्ये २०० कापले जात होते, विचारल्यावर "सॉफ्टवेअरमध्ये तसंच आहे" म्हणाले, चार महिन्यांचे परत घेतले मी. ब्रदर लोकांचे १०,००० च्या वर २०० जातात, फेब्रुवारीत ३००.

ईएसआय २१,००० ग्रॉसपर्यंत लागू असतो. कापतात म्हणून कुरकुरू नका, कार्ड काढून घ्या, आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांनाही उपचार मिळतात. पीएफ कापतात पण भरतात का, हे मात्र उमंग ॲपवर पासबुकमध्ये स्वतः बघायचं, पहिल्या तीन महिन्यांतच.

आणि हे लेटरमध्ये लिहिलेलं हवं, तोंडी नको: नाईट अलाउन्स किती, डबल ड्युटीचे पैसे की सीओ (बदली सुट्टी), महिन्याला ऑफ किती, नोटीस पिरियड किती, बाँड आहे का आणि मोडला तर किती भरायचे, युनिफॉर्मचे कापणार का. "सीओ नंतर देऊ" यातला नंतर येत नाही, माझे ११ सीओ एका हॉस्पिटलात तसेच राहून गेले.

लग्न झालेल्यांसाठी: बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा हा कायदा आहे. दुसऱ्यांची बाळंतपणं करणाऱ्या आपल्यालाच राजीनामा द्यायला सांगतात कधीकधी, अशा वेळी राजीनामा लिहायचा नाही, रजेचा अर्ज लिहायचा आणि त्याच्या कॉपीवर सही-शिक्का घ्यायचा.

५. राहायचं कुठे

पहिले तीन महिने हॉस्पिटलचं हॉस्टेल असेल तर डोळे झाकून तेच घ्या, आवडो न आवडो. तेवढ्यात शहर कळतं. फक्त हॉस्टेलचे पगारातून किती कापणार ते आधी विचारा.

नसेल तर कॉट बेसिस. पुण्यात पाटीवर असंच लिहिलेलं असतं, "मुलींसाठी कॉट उपलब्ध", म्हणजे रूममध्ये तीन-चार कॉट, तुमची एक. पेठांमध्ये, धनकवडीत, हडपसरला, पिंपरीत संत तुकारामनगर-नेहरूनगरला मी आणि मैत्रिणींनी ३,००० ते ५,००० मध्ये घेतल्यात, डिपॉझिट एक-दोन महिन्यांचं. पेठांमध्ये स्पर्धा परीक्षावाल्यांची गर्दी असते, त्यामुळे भाव चढा आणि शांतता कडक. रात्रभर जागून दिवसा झोपणाऱ्या माणसाला ही शांतता बरी पडते, पण मालकीणबाईंचं दार रात्री दहाला बंद होतं! म्हणून डिपॉझिट द्यायच्या आधी सरळ विचारायचं, काकू, माझी ड्युटी कधी रात्री साडेआठला सुटते, कधी नऊला, आणि नाईट असली की सकाळी नऊला येईन, दुपारी झोपेन, चालेल का. "बघू" म्हणाल्या तर ते नाहीच समजा. पाणी किती वाजता येतं तेही विचारा, सकाळी साडेनऊला नळ कोरडा असेल तर नाईटनंतर अंघोळीशिवाय झोपावं लागतं.

तिघी-चौघी मिळून वन आरके किंवा वन बीएचके घ्यायचा असेल तर ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करूनच. करार रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, पण खर्च बहुतेक भाडेकरूच्या गळ्यात मारतात. रजिस्ट्रेशन फी शहरात १,००० आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, म्हणजे १० हजार भाडं असेल तर ११ महिन्यांच्या १,१०,००० वर २७५ रुपये. बाकी जे काही सांगतात त्यातले बरेचसे एजंटचे. ब्रोकरला एक महिन्याचं भाडं द्यावं लागतं, ते टाळायचं तर मावशींना विचारा. खरंच सांगते, वॉर्डमधल्या मावशी त्याच भागात राहतात, कुठे रूम रिकामी झाली ते त्यांना ब्रोकरच्या आधी कळतं. माझी आत्ताची रूम तशीच मिळाली.

६. खाणं

मेस दोन वेळची महिन्याला ३,००० च्या पुढेमागे. आधी दोन गोष्टी विचारायच्या. रविवारी संध्याकाळी बंद असते का (बहुतेक असते, दुपारी फीस्ट आणि रात्री बंद), आणि खाडे धरतात का. आपल्याला डबल ड्युटी लागते, घरी जाणं होतं, महिन्याला सात-आठ खाडे सहज होतात, ते वजा होत नसतील तर डबा लावा किंवा इंडक्शन घेऊन खिचडी-भाकरीवर या. नाईटला डबा न्यायचाच. रात्री अडीचला कँटीन बंद असतं आणि बाहेरचा वडापाव पोटाला परवडत नाही.

७. येणं-जाणं

पीएमपीचा (पुण्याची सिटी बस) महिन्याचा पास १,५०० रुपये झालाय, २०२५ च्या जूनपासून. दिवसाचा ७०. गावाकडून येणाऱ्यांची एक गंमत होते, एसटीत बायकांना अर्ध तिकीट म्हणून पीएमपीतही "हाफ द्या" म्हणतात आणि कंडक्टर बघत राहतो. पीएमपीत तसं नाही. तेजस्विनी बस बायकांच्या आहेत पण तुमच्या ड्युटीच्या वेळेला असेलच असं नाही.

मेट्रो पिंपरी ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी, दोन्ही सिव्हिल कोर्टला बदलता येतात. सकाळी ६ ला सुरू होते, त्यामुळे मॉर्निंगलाही जमते. ससूनला पुणे स्टेशनवर उतरायचं, वायसीएमला संत तुकारामनगर. पण कात्रज, धनकवडी, हडपसरला अजून मेट्रो पोचलेली नाही, त्यामुळे तिथे राहून दुसऱ्या टोकाला नोकरी धरू नका.

८. महिन्याचा हिशोब

वरच्या १८,२९० चा माझ्या पद्धतीने: कॉट ३,८००, मेस ३,२००, बसपास १,५००, मोबाईल ३००, चहा-नाश्ता आणि उशीर झाला की रिक्षा ८००, साबण-शॅम्पू-पॅड-युनिफॉर्मची इस्त्री ७००. झाले १०,३००. उरले ७,९९०. घरी ५,००० पाठवले की २,९९० हातात. चालत जाण्याएवढी रूम जवळ असेल तर पासाचे दीड हजार वाचून हेच ४,४९० होतात. म्हणून सुरुवातीला ते बाणेर-कात्रजचं म्हणाले.

पहिला पगार मात्र लगेच नाही येत. दहा तारखेला जॉईन झालात तर काही ठिकाणी पहिले २० दिवस पुढच्या महिन्यात जोडून देतात, म्हणजे पन्नास दिवस स्वतःच्या पैशांवर. डिपॉझिट धरून घरून निघताना १५-१८ हजार सोबत हवेत. मी सहा हजार घेऊन आले होते, दुसऱ्या महिन्यात कानातले गहाण ठेवले.

९. पुढच्या वर्षाचं

लेबर रूममध्ये लागलात की पहिल्या दिवसापासून वहीत लिहा, किती नॉर्मल स्वतः कंडक्ट केल्या, किती असिस्ट केल्या, पीपीएच, एक्लॅम्पसिया, बाळाचं रिससिटेशन. पेशंटचं नाव नाही लिहायचं, फक्त तारीख आणि केस. एक वर्षाने दुसरीकडे इंटरव्ह्यूला ही वही दाखवली आणि मला साडेचार हजार वाढवून मिळाले, एक्सपिरियन्स लेटरमध्ये तर नुसतं "वर्क्ड ॲज स्टाफ नर्स" एवढंच होतं. जीएनएम किंवा बीएस्सी होऊन लेबर रूमचा अनुभव असेल तर नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाईफरी हा १८ महिन्यांचा कोर्स आहे, केंद्राने २०१८ ला याची गाईडलाईन काढली, त्यावर नजर ठेवा.

सोडताना नोटीस मेलवर द्या, रिलिव्हिंग आणि एक्सपिरियन्स लेटर दोन्ही हातात घेतल्याशिवाय आयकार्ड परत करू नका. आणि दिवाळीचा ऑफ पाहिजे असेल तर इन्चार्ज सिस्टरला सप्टेंबरमध्येच सांगून ठेवा, ऑक्टोबरमध्ये यादी भरलेली असते. लातूरच्या एसटीत मात्र हाफ तिकीट चालतं.